विजेत्याची बॅट दुकानात मिळते का?

टेबल टेनिसच्या साहित्याविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. त्यातल्या अर्ध्याअधिक पत्रांत एकच शंका फिरून फिरून आलेली दिसली, म्हणून पहिला मान तिलाच. मी आधी खेळले, मग शिकवलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून क्लबातल्या पोरांच्या बॅटींची रबरं काढणं आणि चिकटवणं हेच माझं मुख्य काम होऊन बसलंय. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत.

प्रश्न : टीव्हीवर दिसणारे अव्वल खेळाडू ज्या बॅटने खेळतात तीच दुकानात मिळते का? की कंपन्या त्यांना वेगळंच काही बनवून देतात आणि आपल्याला नुसतं त्यांचं नाव विकतात? माझ्या बॅटवर एका विश्वविजेत्याची सही छापलेली आहे, पण चेंडू काही त्याच्यासारखा जात नाही.

छापलेली सही म्हटलंत आणि बॅट कुठली असणार ते कळलं. ती तयार बॅट. रबर कारखान्यातच चिकटवलेलं, वर प्लास्टिकचं वेष्टन, मागच्या पुठ्ठ्यावर वेग, स्पिन आणि कंट्रोलचे आकडे. दुसऱ्या प्रकारात ब्लेड, म्हणजे मुठीसकट लाकडी फळी, सुटं मिळतं, रबरं सुटी मिळतात. आपण निवडायची आणि चिकटवून घ्यायची. तुमच्या बॅटवर ज्याची सही आहे तो खेळाडू तयार बॅटने कधीच खेळत नाही. सामन्यात नाही, सरावातही नाही. म्हणजे तुमच्या बॅटपुरतं बोलायचं तर हो, त्याची बॅट वेगळी आहे, आणि चांगलीच वेगळी आहे. तयार बॅटवरच्या ताऱ्यांवरही जाऊ नका. ते तारे ज्या त्या कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले असतात. एका कंपनीचे पाच आणि दुसरीचे पाच यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

सुट्या मालाच्या कपाटापाशी गेलात की मात्र उत्तर जवळजवळ उलटं होतं. अव्वल खेळाडूचं ब्लेड आणि त्याची रबरं बहुतेक वेळा तुम्हालाही विकत मिळतात.

याला कारण नियम. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ, म्हणजे आयटीटीएफ, मान्यता दिलेल्या रबरांची यादी प्रसिद्ध करतो. मुठीच्या वरच्या बाजूला रबरावर महासंघाचं चिन्ह आणि क्रमांक ठसवलेला असतो, पंच तो बघतात. रबराखालचा स्पंजाचा थर, वरचं रबर आणि ग्लू धरून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरच्या वर चालत नाही. एक बाजू काळीच हवी. दुसरी पूर्वी लालच लागायची, ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी आणि निळीही चालते. मोठ्या स्पर्धांत बॅटी तपासणीच्या खोलीत जातात. तिथे जाडी मोजतात, रबर सपाट आहे का बघतात, त्यातून रसायनाच्या वाफा येतात का तेही यंत्राने तपासतात. एवढ्या चाळण्यांतून एखादं गुपचूप बनवलेलं रबर निसटणं अवघड आहे.

ब्लेडचा नियम बराच सैल. आकार, लांबी-रुंदी, वजन काहीही चालतं. ते सपाट आणि न वाकणारं हवं, आणि जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. लाकडाच्या पापुद्र्यांमध्ये कार्बन किंवा काचेच्या धाग्यांचा थर घालता येतो, पण तो थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यात जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. आपल्या हातातली ब्लेडं साधारण सहा मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यांना ०.३५ हीच हद्द लागते. क्लबात जिला ‘कार्बनची बॅट’ म्हणून मिरवतात तीही मुळात लाकडाचीच असते ती अशी.

आकाराच्या मोकळिकीचा फायदा स्वीडनच्या त्रुल्स मोरेगार्डने घेतला. त्याचं ब्लेड षटकोनी आहे. २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला तेव्हा लोक त्याच्या खेळाइतकंच त्या आकाराकडे बघत होते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही त्याने एकेरीचं रौप्य मिळवलं. ते स्टिगा कंपनीचं सायबरशेप ब्लेड कोणालाही विकत घेता येतं. बटरफ्लाय कंपनीचं व्हिस्कारिया तर १९९३ पासून बाजारात आहे. चीनचा झांग जिके त्या ब्लेडने खेळून जागतिक विजेता झाला, ऑलिंपिक विजेता झाला. आमच्या क्लबातही एका पोराकडे व्हिस्कारिया आहे. त्याची सर्व्हिस अजून नेटमध्ये जाते.

मग फरक आहे कुठे? माझ्या टेबलावर एक लहान डिजिटल तराजू असतो, त्याच्यावर तो दिसतो. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं ब्लेड. एक ८४ ग्रॅम भरतं, दुसरं ९२. लाकूडच ते, झाडाझाडाप्रमाणे बदलणार. चेंडू स्वतः २.७ ग्रॅमचा असतो, म्हणजे हा फरक तीन चेंडूंच्या वजनाइतका. ऐकायला किरकोळ वाटतो, पण बॅकहँडला मनगट फिरवून बघा. पुढे रबराच्या कापलेल्या दोन तुकड्यांतही दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात. दोन्ही बाजूंना जड रबर आणि वर जड ब्लेड असा योग जुळून आला तर एकाच नावाच्या मालातून एक बॅट १७८ ग्रॅमची होते आणि दुसरी १९५ ची. दुसरीने एक तास खेळून खांदा धरून बसलेले लोक मी बघते. दोष बिचाऱ्या वयाला देतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. ब्लेड मुठीजवळ दोन बोटांत सैल धरायचं आणि मधोमध टिचकी मारायची. आवाज जितका चढा तितकं ब्लेड ताठ, चेंडू तितका पटकन सुटणार. एकाच मॉडेलच्या तीन ब्लेडांना टिचकी मारली तर तीन सूर निघू शकतात. अव्वल खेळाडूसमोर प्रायोजक कंपनी ब्लेडांचा ढीग ठेवते. तो वजन बघतो, टिचकी मारतो, चार चेंडू मारून बघतो आणि मनासारखी उचलतो. कोणाला मूठ जराशी बारीक हवी असते, कोणाला जाड, ती तशी करून मिळते. आपल्या वाट्याला खोक्यातून जे निघेल ते. खरं तर दुकानदाराला वजन करून दाखवा म्हणायला काहीच हरकत नसते, पण लोक लाजतात.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या बाबतीत मला सगळ्यांत मोठी वाटते, ती म्हणजे रबराचं वय. दिवसातून पाच-सहा तास खेळणारे लोक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत रबर बदलतात. तुमच्या बॅटचं रबर कधीचं आहे ते पत्रात नाही, आणि तयार बॅट असल्यामुळे बहुधा बॅटच्याच वयाचं असणार. ओल्या स्पंजने पुसा, वाळू द्या, मग अंगठा आधी मधल्या भागावर आणि नंतर कडेला फिरवा. मध्ये गुळगुळीत आणि कडेला पकड लागत असेल तर रबर मेलं. मेलेल्या रबराने टॉपस्पिन मारायला गेलं की चेंडू रबरावरून घसरतो आणि माणूस आपल्या हाताला शिव्या देतो.

या तिन्ही गोष्टी जमवल्यात तरी चेंडू त्याच्यासारखा जाणार नाही, हेही सांगून टाकते. वेगाने आलेला फटका बसला की चेंडू स्पंजात रुततो, स्पंज दबून पार लाकडापर्यंत जातो आणि मग तिथून उसळतो. अव्वल खेळाडूंचा स्पंज कडक असतो, कारण त्यांचा हात तेवढा वेगाने येतो. तोच स्पंज सावकाश हाताला मिळाला तर तो दबतच नाही. चेंडू सपाट निघतो आणि नेटमध्ये जातो. कार्बनचा थर आत शांत बसलेला असतो, त्याच्यापर्यंत काही पोहोचलेलंच नसतं.

प्रश्न : चिनी राष्ट्रीय संघाला ‘नॅशनल’ रबर आणि ‘डब्ल्यू ९६८’ नावाचं ब्लेड मिळतं, ते बाहेर कुणालाच मिळत नाही, असं ऐकतो. तुम्ही म्हणाल यात तथ्य नाही.

असं म्हणणार नाही. यात तथ्य आहे, आणि दुकानातल्या आणि संघातल्या मालात खरोखर दरी आहे अशी ही मला माहीत असलेली सगळ्यांत ठळक जागा.

डबल हॅपिनेस, म्हणजे डीएचएस कंपनीचं हरिकेन ३ हे रबर घ्या. वरून चिकट, खालून कडक. त्याचे तीन दर्जे सांगतात: साधं, प्रोव्हिन्शियल आणि नॅशनल. वरचे दर्जे निवडून काढलेल्या मालाचे, त्यातलं निळ्या स्पंजाचं नॅशनल सगळ्यांत नावाजलेलं. मा लाँग फोरहँडला तेच वापरायचा. रिओ आणि टोकियो, अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक एकेरीची सुवर्णं त्याच्या नावावर आहेत. त्याचं ब्लेड डब्ल्यू ९६८, आणि त्याच घराण्यातलं दुकानात मिळणारं ब्लेड म्हणजे हरिकेन लाँग ५.

‘बाहेर मिळतच नाही’ हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. निळ्या स्पंजाचं नॅशनल रबर पैसे मोजणाऱ्याला मिळतं, डब्ल्यू ९६८ ही थोड्या संख्येने बाहेर आलं. त्यांच्या नकला मात्र असल मालापेक्षा जास्त सहज मिळतात, तेव्हा ओळखीतल्या ओळखीत ‘संघाचं ब्लेड’ म्हणून कोणी हातात ठेवलं तर आधी शंका घ्या.

साधं आणि नॅशनल, दोन्ही मी चिकटवलेली आहेत. नॅशनल हाताला एकसारखं लागतं. एक तुकडा आणि दुसरा तुकडा यांत फरक कमी. पण नवं असताना ते पाटासारखं ताठ असतं. चिनी खेळाडूंचा फोरहँड पायापासून सुरू होतो, कमरेतून फिरतो आणि मग हातात येतो, त्या ताकदीवर ते रबर बोलतं. आपल्यातले बरेचजण कोपरापासून मारतात. कोपराने मारणाऱ्यासाठी मी साधं हरिकेनसुद्धा सुचवत नाही. जर्मन किंवा जपानी पद्धतीचं, स्पंजात मुळातच ताण भरलेलं रबर घ्यावं. त्यातही कंपनीच्या नावावरून भांडत बसू नका. जर्मनीत होफहाइम नावाच्या गावात ईएसएन नावाची कंपनी आहे. वेगवेगळ्या झेंड्यांखाली विकली जाणारी कितीतरी रबरं तिथेच तयार होतात. एकमेकांच्या ब्रँडला नावं ठेवणाऱ्या दोघांच्या बॅटी मी एकाच दिवशी चिकटवल्या आहेत आणि दोन्हींवरची रबरं तिथलीच होती. मी काही बोलले नाही. मैत्री जुनी होती त्यांची.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून खेळते. तिला विश्वविजेत्यांसारखं कार्बनचं ब्लेड हवंय. दुकानदारही म्हणाला, आता घेताच आहात तर एकदाच चांगलं घ्या. काय करावं?

बाई, घेऊ नका. निदान आत्ता नको.

कार्बनचं ब्लेड चेंडू लवकर सोडतं. तिचा हात अजून चेंडू घासायला शिकतोय, त्यासाठी चेंडू बॅटवर क्षणभर जास्त थांबायला हवा. पाच पापुद्र्यांचं निव्वळ लाकडी ब्लेड घ्या, मधल्या वेगाचं, आणि जमलं तर ८५ ग्रॅमच्या आतलं. रबरं मऊ ते मध्यम स्पंजाची, दोन्ही बाजूंना सारखीच, स्पंजाची जाडी १.८ मिलिमीटरच्या आसपास. रबरावर आयटीटीएफचं चिन्ह आहे ना ते तेवढं बघा, नाहीतर पहिल्याच स्पर्धेत पंच बॅट बाजूला ठेवतील आणि ती रडेल. मूठ तळाशी पसरट हवी की सरळ, हे तिलाच धरून बघू द्या. त्यात शहाण्या माणसाने दुसऱ्याच्या वतीने बोलू नये.

ती ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तिला सांगायला दोन नावं देते. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण कोरियाच्या रियू सुंग-मिनने जिंकलं, ते हिनोकी लाकडाच्या एका अखंड फळीच्या ब्लेडने. २००८ चं चीनच्या मा लिनने जिंकलं, पाच पापुद्र्यांच्या लाकडी ब्लेडने. दोघांकडेही कार्बन नव्हता. कार्बन तेव्हा बाजारात नव्हता असं समजू नका, होता.

वाचलेल्या पैशातून रबराचा आणखी एक जोड आणा आणि पहिला गुळगुळीत झाला की बदला. ब्लेड वर्षानुवर्षं टिकतं, रबर टिकत नाही. आणि पैसे उरलेच तर टेबल टेनिसचे बूट, खाली गमचा पातळ सोल असलेले. धावायच्या बुटांची टाच उंच असते. बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात आहे. सीनियर म्हणतात, वरच्या पातळीवर सगळेच रबराला बूस्टर लावतात, न लावता खेळणं म्हणजे मूर्खपणा. लावू का? (नाव छापू नये)

नाव छापत नाही.

आधी बूस्टर आला कुठून ते ऐक. सत्तरच्या दशकात युरोपातल्या खेळाडूंच्या लक्षात आलं की सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढायच्या सोल्यूशनने रबर चिकटवलं तर बॅट एकदम जिवंत होते. त्यातलं द्रावक स्पंजात शिरतं, स्पंज फुगतो, वरचं रबर ताणलं जातं. चेंडू मारला की टणत्कार होतो. परिणाम काही तासच टिकायचा, म्हणून पोरं सामन्याआधी कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा ग्लू थापायची. सगळा हॉल त्या वासाने भरून जायचा. त्या दिवसांतली डोकेदुखी मला अजून आठवते. त्या वाफा फुप्फुसांना वाईट, म्हणून १ सप्टेंबर २००८ पासून असल्या ग्लूवर बंदी आली. तेव्हापासून पाण्यावर आधारलेला ग्लू. तो नुसता चिकटवतो, फुगवत नाही.

बंदीनंतर कंपन्यांनी तो ताण कारखान्यातच स्पंजात भरायला सुरुवात केली होती असं म्हणतात, पण ते काम आधीपासून चालू होतं. बटरफ्लायचं टेनर्जी २००८ मध्ये, बंदीच्या थोडं आधीच आलं आणि नंतरची कित्येक वर्षं जो तो तेच मागत होता. आणि ज्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं त्यांनी स्पंजाला तेल पाजायला सुरुवात केली. बूस्टर म्हणजे ते तेल. वास नाही, वाफ नाही, परिणाम कित्येक दिवस.

नियम स्पष्ट आहे: मान्यता मिळालेलं रबर आहे तसं वापरायचं, त्याच्यावर भौतिक, रासायनिक किंवा दुसरी कुठलीही प्रक्रिया चालणार नाही. पंचाईत एवढीच की तपासणीचं यंत्र वाफा पकडतं, तेल पकडत नाही. फुगून जाडी ४ मिलिमीटरच्या वर गेली किंवा रबर उंचसखल झालं तरच सापडतो. म्हणून तुझे सीनियर इतके निर्धास्त आहेत. वरच्या पातळीवर हे चालतं अशी उघड तक्रार मोठमोठ्या खेळाडूंनीही केलेली आहे. तेव्हा ‘खेळाडूंची बॅट आणि दुकानातली बॅट यात फरक काय’ याचं एक अप्रिय उत्तर हेही आहे.

मी कोणाला बूस्टर लावून देत नाही. माझ्याकडे आलेली तेल पाजलेली रबरं सोलून काढली की कडा वर वळून पन्हळीसारखी होतात, आणि तेल उतरलं की आधीपेक्षाही मंद वाटतात. मग परत तेल. तुला वेग कमी पडतोय असं वाटत असेल तर एक पायरी मऊ स्पंज घे, फरक त्याच दिवशी कळेल आणि तो नियमात बसतो.

प्रश्न : नुसत्या साहित्याच्या जोरावर कोणी मोठी स्पर्धा जिंकलेली आहे का?

एकदा तरी नक्की, आणि ते मुंबईत घडलं. १९५२ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. त्या काळी बॅटीला पातळ दाणेदार रबर असायचं, स्पंज नसायचा. फटक्याचा टक-टक आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरचा वेगाचा अंदाज घ्यायचा. जपानचा हिरोजी साटो आला तो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन. आवाज जवळजवळ नाहीच, आणि चेंडू स्पंजातून भलत्याच वेगाने बाहेर. युरोपातल्या कसलेल्या खेळाडूंना काही सुचेना. साटोने अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवलं आणि विजेता झाला.

पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साटोच्या नावावर दुसरं जागतिक एकेरी विजेतेपद नाही. स्पंज मात्र राहिला. इचिरो ओगिमुराने १९५४ आणि १९५६ मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा स्पंज ही काही कोणाची एकट्याची युक्ती राहिली नव्हती. आणि १९५९ मध्ये महासंघाने नियम घातला: नुसता स्पंज नको, वर रबर हवं, जाडी ४ मिलिमीटरच्या आत. आज तुमच्या बॅटवर जे आहे ते या नियमातून आलेलं आहे. साहित्यातला खरोखरीचा फरक टिकतो तो फार तर एखाददुसरा मोसम; मग तो सगळ्यांच्या पिशवीत जातो, नाहीतर नियमाने बंद होतो.

प्रश्न : अव्वल खेळाडूंकडे अनेक बॅटी असतात ना? मग एक मोडली तर काय बिघडतं?

पॅरिसला काय झालं ते बघा. ३० जुलै २०२४ ला चीनच्या वांग चुचिन आणि सुन यिंगशा यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. आनंदाच्या गडबडीत छायाचित्रकारांच्या गर्दीत वांगच्या बॅटवर कोणाचा तरी पाय पडला आणि ती मोडली. तो तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्या दिवशी एकेरीत तो राखीव बॅट घेऊन उतरला आणि मघाशी ज्याचं नाव घेतलं त्या मोरेगार्डकडून ४-२ असा हरून बाहेर पडला. बॅटमुळेच हरला असं त्याने म्हटलं नाही आणि मीही म्हणणार नाही. समोरचा त्या आठवड्यात अंतिम फेरीपर्यंत गेला. पण मागेल ते ब्लेड मिळणाऱ्या माणसालाही दुसरी बॅट पहिलीसारखी वाटत नाही, एवढं त्यावरून समजावं. नियमाप्रमाणे सामना सुरू झाल्यावर बॅट बदलता येत नाही, अपघाताने खेळता न येण्याइतकी मोडली तरच येते. त्यामुळे राखीव बॅट नुसती पिशवीत असून भागत नाही. ब्लेड त्याच वजनाचं, दोन-तीन ग्रॅमच्या आत. रबरं एकाच वेळी चिकटवलेली. आणि आठवड्यातला एखादा सराव तिच्यानेच.

प्रश्न : आणि चेंडू? तेही वेगळे असतात का?

अजिबात नाही. स्पर्धेत वापरतात ते तीन ताऱ्यांचे, ‘४०+’ छापलेले प्लास्टिकचे चेंडू, आणि तेच तुम्हालाही मिळतात. चेंडूवरच्या ताऱ्यांना थोडातरी अर्थ असतो: गोलाई आणि कडकपणा पारखून ते दिलेले असतात. खेळाडू सामन्याआधी खोक्यातून दोन-तीन चेंडू निवडून ठेवतात. तुम्हीही एक चेंडू टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवून बघा. डुगडुगला तर तो सर्व्हिसच्या सरावाच्या टोपलीत टाका. त्या टोपलीसाठी एक ताऱ्याचे पुरतात. पण स्पर्धा जवळ आली की आठवडाभर आधी तीन ताऱ्यांवर या, आणि स्पर्धेत ज्या कंपनीचा चेंडू असेल त्याच कंपनीचा घ्या. दोन कंपन्यांच्या तीन ताऱ्यांत टप्प्याचा फरक असतो, आणि ब्लॉक करणाऱ्याला तो पहिल्याच गेममध्ये जाणवतो.